नवरंगाचे सहा रंग

"अंग हळदी, काठ काळा, पदर साधा. पण माल अस्सल. दहा वेळा धुतला तरी उतरायचा न्हाय."

हे वर्णन लुगड्याचं नव्हे. आमच्या गल्लीतल्या लिंबाच्या झाडावर बसलेल्या एका हळद्या पक्ष्याचं आहे. ते करणारे गृहस्थ रस्त्याच्या मधोमध मान वर करून उभे होते, आणि मागे खोळंबलेला टांगेवाला त्यांना दख्खनीत जे काही म्हणत होता ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी सोलापुरात इंग्रजीचा मास्तर म्हणून आलो त्याचा तो दुसरा दिवस. ट्रंक हातात धरून मी भाड्याची खोली शोधत होतो. गृहस्थांनी माझ्याकडे न बघताच मला दंडाला धरून शेजारी उभं केलं, फांदीकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "किती भरंल?"

मी गोंधळून म्हणालो, "वीतभर."

"बरोबर. मास्तर हाय का तुमी? मास्तर लोकच असं एका शब्दात सांगत्यात. या, खोली आमच्याच डोक्यावर हाय."

हे मल्लप्पा. भवानी पेठेतल्या एका लुगड्यांच्या दुकानात ते तीस वर्षं विक्रीला बसत होते. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, डोक्याला पांढरा रुमाल, अंगात बाराबंदी. बोलणं मराठीत, रागावणं कानडीत. घर दुकानाच्या मालकाचं. खालच्या दोन खोल्यांत मल्लप्पा आणि त्यांची बायको गंगव्वा, वर मी, आणि रस्त्यापलीकडे समोरच्या मोठ्या घरात खुद्द मालक. मल्लप्पांची एकुलती एक मुलगी अक्कलकोटकडे दिलेली. परसात एक चिंच आणि एक डाळिंब.

मल्लप्पांना पाखरांचं वेड होतं, आणि जगातली सगळी पाखरं त्यांनी लुगड्यांच्या हिशेबात बसवली होती. प्रत्येक पाखराला अंग, काठ आणि पदर. खंड्या म्हणजे "अंग अस्मानी, पदर आखूड". कावळा म्हणजे "चंद्रकळा, पण बिनकाठाची". मोर त्यांना मुळीच आवडत नसे. "नुसता पदर. अंगाला काय हाय? असलं लुगडं एकदा लग्नात नेसायचं आन् पेटीत ठेवायचं." कोण पाखरू कुठे सापडतं याचा नकाशाही त्यांचाच होता, आणि तो आठवड्याच्या बाजारांवरून काढलेला. तरुणपणी ते गाठोडं घेऊन बाजार करत. त्यामुळे नीळकंठ हा कुंभारीच्या रस्त्याला तारेवर बसणारा, भोरड्यांचे थवे माढ्याच्या बाजूला ज्वारीवर उतरणारे, आणि ज्या पाखरासाठी त्यापलीकडे जावं लागतं ते "आपल्या गिऱ्हाइकातलं न्हवं".

दुकानात त्यांचा दरारा मोठा. माढ्याहून बायका बैलगाडी करून यायच्या आणि दुसऱ्या कुणाच्या हातचं लुगडं बघायच्या नाहीत. मी एकदा मुद्दाम जाऊन बसलो. मल्लप्पा लुगडं उचलत, कोपऱ्याला दोऱ्यानं बांधलेल्या चिठ्ठीवर नजर टाकत, आणि मग लुगड्याकडे पाहणंच सोडून देत. डोळे मिटून सुरू होत. "ही डाळिंबी. पण डाळिंब कुटलं? अर्धं पिकलेलं न्हवं. उकलून दाणा बाहेर डोकावतोय ते." बाई लुगड्याकडे बघायचं सोडून मल्लप्पांच्या तोंडाकडे बघत राही. एकीनं विचारलं, "अवो पर तुमी डोळं का मिटून घेताय?" मल्लप्पा म्हणाले, "बाई, रंग डोळ्यानं बघायचा नसतो. नावानं घ्यायचा असतो." बाईनं दोन लुगडी घेतली.

त्या चिठ्ठ्या गंगव्वा लिहीत. विणकरांकडून आलेले गठ्ठे आधी घरी येत, गंगव्वा घड्या घालत, आणि चार कानडी अक्षरांत रंगाचं नाव लिहून प्रत्येक घडीला चिठ्ठी बांधत. चिठ्ठीला खळ लागलेली असे. एका श्रावणात दुकानात उंदीर झाले आणि एका रात्रीत खळीसकट सगळ्या चिठ्ठ्या खाऊन गेले. सकाळी मल्लप्पांनी फळी उघडली, बिनचिठ्ठीच्या लुगड्यांकडे क्षणभर पाहिलं, फळी लावून टाकली आणि मालकाला सांगितलं, "आज रंगाची अवस हाय. आज इकलेला रंग टिकत न्हाय." मालक हादरला. सबंध दिवस दुकानात पांढऱ्या धोतरांशिवाय काही विकलं गेलं नाही. रंगाला अमावास्या असते हे मला नवीन होतं. पण मी इंग्रजीचा मास्तर, लुगड्यांतलं मला काय कळतंय म्हणून गप्प बसलो.

गप्प बसण्यासारखं आणखीही बरंच होतं. परसातलं डाळिंब फुलांनी लगडलेलं असताना मल्लप्पा त्याच्याखाली उभे राहून म्हणाले होते, "यंदा डाळिंबाला फूल न्हाय मास्तर." मला वाटलं, व्यापारी माणूस, दृष्ट लागू नये म्हणून म्हणत असेल.

आता भांडणाकडे येतो, कारण मल्लप्पांचं सगळं पक्षिशास्त्र त्या एका भांडणातून निघालं होतं.

वैशाख संपता संपता, उन्हानं गल्लीतली कुत्रीसुद्धा भुंकायची बंद झाली की, परसातल्या चिंचेखाली एक पाखरू येई. आठ दिवस राही आणि निघून जाई. मैनेपेक्षा लहान, शेपूट जवळजवळ नाहीच, चिंचेच्या पाचोळ्यात टुणटुण उड्या मारणारं. उजाडताना दोन सुरांची एक शीळ घाली. पहिला सूर वर, दुसरा खाली. नीट उजाडलं की पाचोळ्यात दिसेनासं होई. ती शीळ ऐकून मी पहिल्या वर्षी जागा झालो, पण त्या पाठोपाठ जे ऐकलं त्यानं उठून बसलो.

"आरु!" हा मल्लप्पांचा आवाज.

"ओंबत्तु!" हा गंगव्वांचा.

"आरु!"

"ओंबत्तु!"

मी घाबरून खाली गेलो. चिंचेपासून दहा पावलांवर नवराबायको उकिडवे बसले होते आणि एकमेकांवर बोटं नाचवत होते. कानडीत आरु म्हणजे सहा आणि ओंबत्तु म्हणजे नऊ, हे त्या सकाळी मला कायमचं पाठ झालं. गंगव्वा म्हणत, हे नवरंग आहे, याच्या अंगावर नऊ रंग आहेत. मल्लप्पा म्हणत, सहा आहेत. हे भांडण लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून चालू होतं. छत्तीसचा आकडा सगळ्यांच्याच घरी असतो. या घरात सहा आणि नऊचा होता. गल्लीत पक्ष पडले होते. मालक अर्थातच मल्लप्पांच्या पक्षात. "ज्याच्या डोळ्यावर माझं दुकान चालतंय," तो म्हणे, "त्याला पाखराचं रंग मोजता यायचं न्हाईत व्हय?"

"मास्तर," मल्लप्पांनी मला सांगितलं, "हे पाखरू कोण हाय एवढं मला छापील दाखवा. छापील असंल तर ती ऐकंल. तीस वर्षं झाली. मरायच्या आधी ह्याचा निकाल लागला पायजे."

छापील कुठून आणायचं हेही त्यांनीच ठरवलं होतं. गिरणीतला एक साहेब विलायतेला परत जाताना त्याच्या सामानाचा लिलाव झाला होता. लोकांनी खुर्च्या घेतल्या, मेजं घेतली. मल्लप्पांनी पक्ष्यांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेतलं. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. चित्रं फार थोडी, आणि तीही काळी-पांढरी. ते पुस्तक दोन वर्षं देव्हाऱ्याशेजारी पडून होतं. बहुधा माझीच वाट पाहत असावं.

त्या पुस्तकानं माझ्या इंग्रजीची अब्रू घेतली. मी वर्गात मोठमोठे उतारे समजावून देणारा माणूस. पण पाखराच्या पोटाला साहेबानं 'फल्व्हस' म्हटलं होतं. मी शब्दकोश काढला. फल्व्हस म्हणजे टॉनी. टॉनी पाहिलं, तर टॉनी म्हणजे फल्व्हस.

"म्हंजे कुटलं लुगडं?" मल्लप्पांनी विचारलं.

"तसं नाही सांगता येणार."

"मग पुस्तक लिवलं कशाला? येक चिंधी चिकटवायची की पानाला."

रोज संध्याकाळी तासभर वाचन चाले. मल्लप्पांचं वर्णन ठरलेलं होतं. पाठ मातकट, पोट मातकट, माथा मातकट. डोळ्यावरून काळा पट्टा. गळा पांढरा. खांद्यावर झगझगीत अस्मानी. शेपटीचं टोक निळं. पाय राखी. मोजा, सहा. मी सबंध पुस्तक चाळलं. असं पाखरू त्यात नव्हतं. एकच जरा जवळ येत होतं. त्याचं इंग्रजी नाव पिट्टा. ("पिठ्ठा? ह्ये नाव हाय का न्याहारी?") उन्हाळ्यात उत्तरेकडे आणि घाटाच्या रानात जायचं, थंडीत दक्षिणेला उतरायचं, आणि जातायेता मधल्या कोरड्या मुलखात चार-आठ दिवस मुक्काम करायचा, असा त्याचा वावर दिला होता. दोन सुरांची शीळ, आखूड शेपूट, पाचोळ्यात उड्या, सगळं जमत होतं. मी आनंदानं पुढे वाचलं. पाठ हिरवी, पोट फल्व्हस, शेपटीखाली लालभडक.

मल्लप्पांचा चेहरा पडला. "पुन्यांदा वाचा."

मी पुन्हा वाचलं. त्यांनी तीनदा वाचायला लावलं. मग पुस्तक माझ्या हातातून घेऊन मिटलं.

"न्हवं," ते म्हणाले. "ह्ये आपलं न्हवं. आपल्याला हिरवं न्हाय. मास्तर, आपलं पाखरू पुस्तकातच न्हाय. नवीन हाय. सोलापूरचं हाय."

या कल्पनेनं मीही पेटलो हे आता कबूल करायला हरकत नाही. मी ते पाखरू पाहिलं होतं ते दिसेल न दिसेल अशा उजेडात, भांडणाच्या गडबडीत, आणि चष्मा वर खोलीत ठेवून. मल्लप्पांचा डोळा म्हणजे माढ्यापर्यंत गाजलेला डोळा. मी माझ्या उत्तमातल्या उत्तम इंग्रजीत मुंबईच्या एका पक्षिपंडिताला पत्र लिहिलं. सोलापूर शहरी एक नवा पक्षी सापडला आहे, त्याचं वर्णन असं असं, पाहणारा गृहस्थ रंगांतला जाणकार आहे. पाखराला काय नाव द्यावं यावर आमची चार दिवस चर्चा झाली. मल्लप्पांचं म्हणणं, गंगव्वाचं नाव द्यावं. "म्हंजे ती हरली तरी तिला बरं वाटंल."

महिन्यानं उत्तर आलं. शाळेच्या पत्त्यावर आलं म्हणून मी ते घेऊन थेट दुकानात गेलो. पाच-सहा गिऱ्हाइकं होती. मालक तक्क्याला टेकून पान लावत होता. मल्लप्पांनी हातातली घडी खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मुंबईचा कागद हाय. वाचा मास्तर. मोठ्यानं वाचा."

मी पाकीट फोडलं. तीन पानांचं पत्र होतं, मोठं सभ्य. पंडितानं लिहिलं होतं की वर्णन फार अचूक आहे, इतकं की पक्षी लगेच ओळखू आला. तो पिट्टाच. फक्त तुमच्या मित्रानं हिरव्याच्या जागी मातकट लिहिलं आहे, आणि शेपटीखालचा तांबडा त्यांना दिसलेलाच नाही. असा पक्षी नसतो. पण अशी माणसं असतात. त्यांना हिरवा आणि तांबडा ओळखता येत नाही, आणि पुष्कळदा ती हे कुणाला कळू देत नाहीत. खात्री करायची असेल तर त्यांना निरनिराळ्या रंगांच्या लोकरीच्या लडी निवडायला द्या. शेवटी लिहिलं होतं, 'आपल्या मित्राचा व्यवसाय रंगांशी संबंधित नसावा अशी मी आशा करतो.'

मी वर पाहिलं. मल्लप्पांच्या मागे छतापर्यंत लुगडी होती.

उंदरांची अमावास्या मला त्या क्षणी कळली. डाळिंबाची फुलं कळली. मिटलेले डोळे कळले.

"वाचा की," मालक म्हणाला.

"पंडित म्हणतात," मी सुरुवात केली, "वर्णन फार अचूक आहे."

मल्लप्पांनी गिऱ्हाइकांकडे पाहिलं.

"आणि म्हणतात..." पुस्तकाच्या प्रस्तावनेत पाखरं पेंढा भरून कशी पाठवावीत यावर दोन पानं होती, ती देवासारखी आठवली. "म्हणतात, खात्रीसाठी त्याचं कातडं पाठवा."

दुकानात स्फोट झाला. "कातडं?" मल्लप्पा ओरडले. "पाखराचं? शिव शिव शिव! पंडित हाय का खाटीक?" गिऱ्हाइक बायकांनी कानाला हात लावले. मालकानं पान तसंच खाली ठेवलं. मुंबईचे लोक कोणत्या थराला गेले आहेत यावर अर्धा तास बोलणं झालं, आणि पत्राचा विषय संपला. मल्लप्पा त्या बोलण्यात मात्र फारसे नव्हते. ते माझ्या हातातल्या कागदाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी मल्लप्पा दुकानात गेल्यावर मी खाली गेलो. गंगव्वा ओसरीवर घड्या घालत होत्या. विषय कसा काढावा ते मला कळेना. मी म्हणालो, "गंगव्वा, पत्रात कातड्याचं काही नव्हतं."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. हात चालूच. "हिरवं-तांबडं कळत न्हाय असं लिवलं असंल."

मी पायरीवर बसलो.

"लगीन झालं त्याच्या दुसऱ्या सालची गोष्ट हाय मास्तर. पोटात पोर हुती. डोहाळजेवणाला हिरवं लुगडं लागतंय. ह्यांनी आणलं. लई हौसेनं आणलं, सगळ्या बायकांसमोर उलगडलं. विटकरी हुतं. बायका हसणार, तेवढ्यात मी म्हटलं, अय्या, किती गोड हिरवं हाय! आन् सगळ्यांकडं असं बघितलं की येक बाई बोलली न्हाय. तेच नेसून बसले. समद्यांनी हिरवं हिरवं म्हणून ओटी भरली."

"आणि मग?"

"मग भ्या वाटलं. दुकानात लागून वरीस झालं न्हवतं. मालकाला कळलं तर हाकलून देईल की. पण ह्यांना काय दिसतंय, काय दिसत न्हाय, ते मला कळाया पायजे का न्हाय? इचारलं तर मन दुखंल. तेवढ्यात ते नवरंग आलं. मी म्हटलं, बगा, नऊ रंगाचं पाखरू. हे म्हणाले, सहा. म्हटलं, मोजून दावा. ह्यांनी मोजले. कुटलं तीन गाळले ते मला कळलं. त्या दिसापासनं चिठ्ठ्या सुरू केल्या. म्हटलं, गिऱ्हाइकाला नावं कळत न्हाईत, बरं पडंल. ह्यांना पटलं."

"मग दरवर्षी भांडता कशाला?"

गंगव्वा पहिल्यांदाच थांबल्या. "वय वाढलं की डोळं बदलत्यात म्हणत्यात. आणखी येखादा रंग गेला का बगायला नगं?" मग दोरा तोडून म्हणाल्या, "मास्तर, त्यांना ह्यातलं कळू देऊ नगा. मला ठावं हाय, हे त्यांना ठावं न्हाय."

मी शब्द दिला. माझ्या आईवडिलांनी, बहिणीनं, मित्रांनी मिळून माझ्यासाठी जेवढं केलं असेल तेवढं त्या बाईनं चार कानडी अक्षरांत केलं होतं, आणि मला तिचा हेवा वाटला की मल्लप्पांचा, ते मला आजही सांगता येणार नाही.

पुढच्या वैशाखात एक दिवस सकाळी खालून हाक आली. "मास्तर! या! घावलं!"

पाखरू रात्रीच्या वाऱ्यानं दमून परसात पडलं होतं, आणि मल्लप्पांनी मांजराच्या आधी ते उचललं होतं. मी चष्मा लावून खाली गेलो तर निम्मी गल्ली जमलेली. मालकसुद्धा तोंडात लिंबाची काडी धरून आला होता. मल्लप्पांच्या ओंजळीत, रुमालाच्या घडीवर, ते पाखरू डोळे उघडझाप करत बसलं होतं. पाठ गवतासारखी हिरवी. शेपटीखाली कुंकवासारखं तांबडं. आंधळ्यालाही चुकणार नाही असं.

"आता मास्तरांनी मोजायचं," मालक म्हणाला. "आज फैसला. आमच्या मल्लप्पाचा डोळा चुकायचा न्हाय. चुकला तर मला दुकान बंद करावं लागंल." आणि तो हसला. सगळेच हसले. गंगव्वा हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या.

मी नऊ म्हणालो तर मल्लप्पा सगळ्यांसमोर उघडे पडत होते, आणि रंगांच्या धंद्यात तीस वर्षांनी उघडं पडलेल्या माणसाला सोलापुरात दुसरं काम मिळालं नसतं. सहा म्हणालो तर जमलेल्या पंचवीस माणसांना डोळे होतेच. मी घसा खाकरला.

"थांबा," मल्लप्पा म्हणाले. "मीच मोजतो."

त्यांनी पाखराकडे पाहिलं, आणि मग नेहमीसारखे डोळे मिटले.

"ओंदु. पाठ हिरवी, राघूसारखी. एरडु. पोट फल्व्हस."

फल्व्हस हा शब्द त्या गल्लीत फक्त दोघांना माहीत होता. मी चमकून पाहिलं.

"मूरु. माथा खारकी. नाल्कु. डोळ्याला काळा पट्टा. ऐदु. गळा पांढरा. आरु. खांदा अस्मानी." इथे ते थांबले. तीस वर्षं ते इथेच थांबत आले होते. "एळु. शेपटीचं टोक निळं. एंटु. शेपटीखाली तांबडं, कुंकवाचं. ओंबत्तु. पाय गुलाबी." त्यांनी डोळे उघडले. "नऊ हायत. तीस वर्षं मी उगाच भांडलो. गंगव्वाचं बरोबर हाय."

बायकांनी आनंदानं टाळ्या पिटल्या. मालकाच्या तोंडातली काडी पडली. "मंग इतकी वर्षं रं मल्लप्पा?"

"ती चिडली की बरं दिसती," मल्लप्पा म्हणाले, "म्हणून."

गंगव्वांचा चेहरा पांढरा झाला होता. मालक बघतोय, लोक बघतायत, आणि नवरा पहिल्यांदाच नऊ म्हणतोय, तो मनात काय धरून म्हणतोय हे त्यांना उमगेना; नेहमीचं भांडण मिटलं की लोक विचार करू लागतील, एवढंच सुचलं. त्या पुढे झाल्या, पाखरावर वाकल्या आणि ठणकावून म्हणाल्या, "काय बी सांगताय! सहाच हायत की!"

"नऊ!" मल्लप्पा म्हणाले.

"आरु!" गंगव्वा म्हणाल्या. "पाठ मातकट हाय. मला दिसतंय की."

"अगं हिरवी हाय!"

"मातकट!"

मालकानं कपाळाला हात लावला. "ह्यांचं काय खरं न्हाय," असं म्हणून तो निघून गेला. त्याच्या मागोमाग गल्लीही पांगली. त्या गोंधळात पाखरानं अंग झटकलं आणि ते उडून चिंचेत गेलं.

मल्लप्पा माझ्यामागून जिना चढून वर आले. बसले नाहीत.

"मास्तर, त्या कागदाला तीन पानं हुती. कातडं पाठवा म्हणायला तीन पानं लागत न्हाईत."

मी वह्यांचा गठ्ठा सारखा करू लागलो.

"मी तीस वर्षं गिऱ्हाइकाशी खोटं बोलतोय. दुसरा बोलला तर मला कळंना व्हय? मला हिरवं-तांबडं उमगत न्हाय. ल्हानपणापासनं. ते पुस्तकातलं तुमी तीनदा वाचलं तवाच मनात आलं, तिचंच बरोबर हाय; पर मन मानंना, त्या कागदानं पटलं. म्हटलं, पाठ करून ठेवावं, एकदा चारचौघात तिला बरोबर म्हणावं. हरून हरून तिची तीस वर्षं गेली." ते खिडकीतून खाली बघत होते. "तिला मात्र ह्यातलं कळू देऊ नगा. कसल्या माणसाशी लगीन झालं असं वाटंल तिला."

मी पुन्हा शब्द दिला. त्या घरात आता माझे दोन शब्द अडकले होते.

"खरं सांगा, नऊ हायत न्हवं?"

मी मोजले होते. मला आठच सापडले. खांद्याचा निळा आणि शेपटीचा निळा मला एकच वाटले. "नऊ," मी म्हणालो.

"मग ती सहा का म्हणाली?" त्यांच्या आवाजात काळजी होती. "हिरव्या पाठीला मातकट म्हणाली. मास्तर, तिला कवा असं झालं न्हाय. तिचं डोळं गेलं असतील का वो? इतक्या चिठ्ठ्या, कंदिलाच्या उजेडात... माझ्यामुळंच की."

मला खरं सांगता येत नव्हतं, खोटंही सांगता येत नव्हतं. मी म्हणालो, "दाखवून घ्या."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिला टांग्यात घालून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, डोळे उत्तम आहेत, चष्म्याची गरज नाही. मल्लप्पा म्हणाले, द्याच. गंगव्वांनी नाक पुढे केलं. साध्या काचेचा चष्मा घेऊन दोघं घरी आले.

त्यानंतर मी त्या घरात आणखी सहा वर्षं राहिलो. मल्लप्पा घरी असेपर्यंत तो चष्मा गंगव्वांच्या नाकावर असे. भाकरी थापताना त्यात पीठ उडे, चुलीपुढे धूर बसे, त्या पदरानं पुसून पुन्हा लावत, आणि मल्लप्पा दर चार दिवसांनी विचारत, "आता दिसतंय न्हवं?" त्या म्हणत, "लई छान दिसतंय." ते दुकानाला निघाले, गल्लीच्या कोपऱ्यावर वळले, की त्या चष्मा काढून कोनाड्यात ठेवत आणि चिठ्ठ्या लिहायला बसत.